घरखर्चात हात आखडायचा तो नेमका कुठे?

सगळीकडे काटकसर करतो, तरी वीस तारखेनंतर ओढाताण होतेच, ही तक्रार बचत गटाच्या बैठकीत आणि सोसायटीच्या जिन्यात सारखी कानावर पडते. काय काय वाचवता, असं विचारलं की यादी ठरलेली असते. भाजीवाल्याकडे दोन-पाच रुपये कमी करून घेतो, खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवतो, जवळ जायचं असेल तर रिक्षा करत नाही. या सवयी चांगल्याच आहेत, त्या सोडू नका. पण त्याच घरात गीझर अर्धा-पाऊण तास चालू राहतो, सिलिंडर कधी वजन करून घेतलेला नसतो आणि कुणीही न पाहणाऱ्या अ‍ॅपची वर्गणी दर महिन्याला खात्यातून कटत असते.

म्हणून या लेखात आधी मोठ्या आणि दरमहा होणाऱ्या खर्चाकडे वळू. तो कसा कमी करायचा, दुकानदार, वीज कंपनी किंवा गॅस एजन्सीकडे हक्काने काय मागायचं आणि कुठे पैसे वाचवणं महागात पडतं, हे क्रमाने पाहू.

आधी एक महिना नुसती नोंद

पहिल्या महिन्यात काहीही कमी करू नका, फक्त लिहा. वही चालेल, फोन चालेल, फ्रिजवर चिकटवलेला कागदही चालेल. यूपीआयने दिलेल्या पैशांची यादी फोनमध्ये आपोआप तयार होते. रोख मात्र त्याच दिवशी लिहिली तरच लक्षात राहते.

महिना संपला की खर्चाचे तीन गट करा:

- ठरलेला: भाडं किंवा हप्ता, शाळेची फी, सोसायटीचा देखभाल खर्च, विमा.
- वापरावर चालणारा: वीज, गॅस, किराणा, दूध, पेट्रोल, औषधं.
- नकळत होणारा: वर्गण्या, घरपोच मागवलेलं खाणं, डिलिव्हरीचे पैसे, उशिरा बिल भरल्याचा दंड.

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटात हात घालायला वाव असतो. पहिल्या गटात लगेच काही हलत नाही. तिथे डोकं खपवून घरात चिडचिड वाढवू नये.

विजेचं बिल: महागडे युनिट आधी वाचवा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे आहे. 'शंभर युनिटच्या वर एक युनिट गेला की सगळं बिल वरच्या दराने लागतं,' असं अनेकजण ठामपणे सांगतात. महाराष्ट्रात घरगुती ग्राहकांसाठी तसं होत नाही. पहिल्या १०० युनिटांना खालचा दर लागतो, १०१ ते ३०० या टप्प्यातल्या युनिटांनाच त्यापुढचा दर लागतो आणि ३०१ ते ५०० साठी त्याहून वरचा. महिन्याला १३० युनिट जळले, तर १०० खालच्या दराने आणि फक्त ३० वरच्या दराने.

याचा उपयोग असा, की तुम्ही वाचवलेला युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातून कमी होतो. महावितरणचे गेल्या काही वर्षांतले दर धरले, तर वहन आकारासह पहिल्या टप्प्यात युनिटला सहा रुपयांच्या आसपास पडतात आणि दुसऱ्या टप्प्यात अकराच्या आसपास. त्यावर १६ टक्के वीज शुल्क असतंच. महिन्याला १६० युनिट वापरणाऱ्या घराने २० युनिट वाचवले, तर ते सगळे या अकरा रुपयांच्या भावाने वाचतात. दर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या आदेशाने बदलतात, म्हणून चालू दर बिलाच्या मागच्या बाजूला वाचा.

मग हे २० युनिट शोधायचे कुठे?

जुना छताचा पंखा सुमारे ७५ वॉटचा असतो, बीएलडीसी मोटरचा नवा पंखा पूर्ण वेगात साधारण ३० वॉटच्या आसपास चालतो. दिवसाला १५ तास चालणारा जुना पंखा महिन्याला जवळपास ३४ युनिट घेतो, नवा साधारण १३. म्हणजे एका पंख्यामागे वीसएक युनिटांचा फरक. उन्हाळ्याच्या महिन्यांत ही बचत सव्वादोनशे-अडीचशे रुपयांच्या घरात जाते, त्यामुळे पंख्याला मोजलेले जास्तीचे पैसे लवकर भरून येतात. घरातले सगळे पंखे मात्र एकदम बदलू नका. ज्या खोलीत पंखा सर्वाधिक तास फिरतो, तिथला आधी बदला. पाहुण्यांच्या खोलीतला जुनाच राहू द्या.

गीझरचं गणित तोंडपाठ ठेवण्यासारखं आहे: दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास तापत राहिला की एक युनिट. घरातल्या चौघांनी वेगवेगळ्या वेळी अंघोळ केली तर साठवणीच्या गीझरमधलं पाणी दर वेळी पुन्हा तापवावं लागतं. अंघोळी लागोपाठ उरकल्या तर बराच फरक पडतो.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात:

- एसी: ताऱ्यांचं लेबल असलेला खोलीचा एसी २०२० पासून सुरुवातीचं तापमान २४ अंशांवर ठेवूनच विकावा लागतो. तिथून खाली नेऊ नका. तापमान एक अंशाने वाढवलं की सुमारे ६ टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. सोबत पंखा मंद चालू ठेवलात तर २६ अंशही पुरतात.
- सेट टॉप बॉक्स: टीव्ही बंद केला तरी तो चालूच राहतो. सतत १० वॉट खाणारा बॉक्स महिन्याला सात युनिट नेतो. बटण भिंतीवरून बंद करा.
- फ्रिज: दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावा. कागद सहज ओढला गेला तर रबर बदला, फ्रिज बदलायची गरज नसेल.
- नवं यंत्र घेताना: नुसते तारे मोजू नका. लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा आणि लेबलचं वर्ष छापलेलं असतं. निकष काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलवरचे पाच तारे आणि नव्या लेबलवरचे पाच तारे सारखे नसतात.

आता बिलाबद्दल. महावितरणच्या बिलावर एक लवकरची तारीख छापलेली असते. त्या तारखेच्या आत भरलं तर एक टक्का सवलत मिळते. छापील बिल नको, ई-मेलवर पाठवा, असं कळवणाऱ्यांना 'गो-ग्रीन'ची सवलत वेगळी. रक्कम लहान आहे, पण एकदा नोंदणी केली की पुन्हा काही करावं लागत नाही.

बिलावर 'सरासरी' असं लिहून आलं असेल, तर रीडिंग झालेलं नाही. दोन महिने दुर्लक्ष केलंत तर तिसऱ्या महिन्यात एकदम मोठी रक्कम येते. मीटरचा फोटो काढून महावितरणच्या अ‍ॅपवर स्वतः रीडिंग पाठवता येतं. जास्त दिवसांचं बिल एकत्र आलं तर टप्पेही त्या दिवसांच्या प्रमाणात मोजलेत ना, हे तपासा आणि मोजले नसतील तर लेखी तक्रार द्या. तक्रारीचा क्रम असा: आधी कंपनीचं कार्यालय, मग ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, मग वीज लोकपाल.

उन्हाळ्यात अनेकांच्या हाती एक दुसरं बिलही पडतं, 'अतिरिक्त सुरक्षा ठेव' असं लिहिलेलं. ते पाहून फसवणुकीची शंका येते. ती ठेव आहे. तुमच्या वार्षिक वापराच्या सरासरीवरून ती ठरते, तुमच्याच नावावर राहते आणि तिच्यावरचं व्याज बिलात वळतं केलं जातं. व्याज जमा झालंय का, ते बिलात शोधा.

गॅस: दारातच वजन करून घ्या

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्या वरच्या कड्याखालच्या पट्टीवर रंगवलेलं किंवा कोरलेलं असतं, समजा १५.८ किलो. दोन्हींची बेरीज ३०.०. सिलिंडर देणाऱ्याने वजनकाटा सोबत ठेवायचा असतो आणि तुम्ही मागितल्यावर वजन करून दाखवायचं असतं. काट्याच्या आकड्यात या बेरजेपेक्षा स्पष्ट तूट दिसली तर सिलिंडर परत पाठवा. मागायला संकोच वाटतो हे खरं. घाईत असलेला माणूस तीन जिने चढून आलेला असतो. त्याला पाणी द्या, दोन मिनिटं थांबवा आणि वजन कराच. पहिल्या दोन-तीन वेळा मागितल्यावर पुढे तो स्वतःच काटा काढतो.

त्याच पट्टीवर एक अक्षर आणि दोन आकडे असतात. एपासून डीपर्यंतची इंग्रजी अक्षरं वर्षाच्या चार तिमाह्या दाखवतात: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. 'सी-२७' असेल तर त्या सिलिंडरची तपासणी सप्टेंबर २०२७ पर्यंत व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी घेऊ नका.

पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. खुशीने काही द्यायचं असेल तर तुमची मर्जी, पण ते बंधनकारक नाही. उलट, एजन्सीच्या गोदामातून तुम्ही स्वतः सिलिंडर आणलात तर घरपोच सेवेची रक्कम किमतीतून वजा करून मिळते. गाडी आणि उचलायला माणूस असेल तरच हा पर्याय परवडतो.

वापराचं म्हणाल, तर नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहा. साधारण ४० दिवस पुरणारा सिलिंडर ३२ दिवसांत संपला, तर काहीतरी बदललंय. ज्योत पिवळी झाली असेल तर बर्नरची भोकं बुजलेली असतात, ती साफ करा. हरभरा, राजमा, छोले रात्रभर भिजवा, तूरडाळ आणि तांदूळ अर्धा तास. कुकरच्या डब्यांत वरण, भात आणि बटाटे एकदमच लावा. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. फ्रिजमधलं दूध तापवायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. आजीच्या पिढीला हे शिकवावं लागलं नव्हतं, कारण रॉकेलच्या रांगेत उभं राहायची वेळ त्यांच्यावरच आली होती.

किराणा: पाकीट उलटं करून वाचा

गोडेतेलाच्या फडताळासमोर उभे राहा आणि दोन पिशव्या हातात घ्या. दोन्ही दिसायला सारख्याच. एका लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. दुसऱ्या पिशवीवर बारीक अक्षरांत ८०० किंवा ८५० ग्रॅम लिहिलेलं असू शकतं. समजा पहिली १४५ रुपयांना आहे आणि ८०० ग्रॅमची १३२ रुपयांना. पहिलीत १०० ग्रॅमला १५ रुपये ९० पैसे पडले, दुसरीत साडेसोळा. स्वस्त म्हणून उचललेली पिशवी महाग ठरली.

हा हिशोब दुकानात उभं राहून करायची गरज पडू नये म्हणून पाकिटावर एकक विक्री किंमत छापणं आता बंधनकारक आहे: एक किलोपेक्षा कमी वजनाच्या मालाला ग्रॅममागे, जास्त वजनाला किलोमागे. छाप बारीक असते, शिवणीजवळ दडलेली असते, पण असते. बिस्किटं, साबण, चहा आणि कपड्यांची पावडर या चार वस्तूंवर आधी पाहायला लागा, कारण किंमत तीच ठेवून आतला माल कमी करण्याचा प्रकार इथे जास्त दिसतो. मोठं पाकीट नेहमी स्वस्त पडतं, हाही गैरसमज तिथेच दूर होतो.

दुकानात तुमचे हक्क:

- छापील कमाल किमतीत सगळे कर आलेले असतात. त्यावर 'कूलिंग चार्ज' किंवा वेगळा जीएसटी लावता येत नाही.
- छापील किंमत ही कमाल मर्यादा आहे. त्याहून कमी किमतीत विका, असं म्हणायला पूर्ण मुभा आहे.
- ग्राहकाला आधी न सांगता गल्ल्यावर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा असल्याचं राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२० मध्ये म्हटलं आहे. तरी घरची कापडी पिशवी नेणं सगळ्यात सोपं.
- सुट्या मालाला काटा तुमच्या बाजूला दिसला पाहिजे. मिठाई तोलताना खोक्याचं वजन आधी वजा करायला सांगा.

एकत्र खरेदी हा महाराष्ट्रात रुजलेला मार्ग आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीत शेजारपाजारची कुटुंबं संघ करून महिन्याची मागणी एकत्र नोंदवतात आणि आलेला माल आपापसांत वाटून घेतात. संस्थेचं सभासदत्व घ्यायचं नसेल तरी तुमच्या इमारतीतली चार घरं मिळून हे करू शकता. एक फायदा अनेकांच्या लक्षात येत नाही. यादी आधी लिहून द्यावी लागते, त्यामुळे समोर दिसलं म्हणून घेतलेल्या वस्तू आपोआप गळतात.

वर्षाची साठवण करावी का?

मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू बाजारात येतो आणि हा प्रश्न दरवर्षी पडतो. उत्तर घरागणिक वेगळं आहे.

साठवण परवडते ती अशा घराला: माणसं चार किंवा जास्त, रोज पोळी-भाकरी होते, घर कोरडं आहे, गच्ची किंवा अंगण मिळतं आणि एका वेळी मोठी रक्कम हातात असते. दोघांचं घर, कोकणातली किंवा मुंबईतली दमट हवा, वरचेवर होणाऱ्या बदल्या, यांपैकी काहीही असेल तर तीन-चार महिन्यांपुरतं घ्या. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून साठवण तर अजिबात करू नका. कार्डाचं व्याज बहुधा महिन्याला तीन टक्क्यांच्या वर असतं आणि गव्हाच्या भावातला फरक त्यात केव्हाच बुडतो.

किती घ्यायचं ते नोंदवहीवरून ठरवा. दळणाला दर आठवड्याला किती गहू जातो, त्याला बावन्नने गुणा आणि सणासुदीचे थोडे वाढवा. लोकवन की शरबती हा आवडीचा प्रश्न आहे. मात्र पोत्याने घेण्याआधी पाच किलो आणून दळून पोळ्या करून पाहा. जिल्ह्याच्या ठिकाणी भरणारे धान्य महोत्सव आणि बचत गटांची प्रदर्शनं यांत शेतकऱ्याकडून थेट माल मिळतो, पण तिथेही काटा आणि प्रत तुम्हीच तपासायची.

भरायची रीत:

1. दाणा दाताखाली धरा. कट्‌ आवाज होऊन तुटला तर कोरडा आहे, चेपला गेला तर अजून ऊन हवं.
2. दोन-तीन दिवस कडक ऊन द्या आणि संध्याकाळी उचलून ठेवा.
3. धान्य पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात भरा. गरम भरलं तर आत वाफ धरते, दमटपणा येतो आणि मग किडे होतात.
4. कडुलिंबाचा पाला सावलीत पूर्ण वाळवून थराथरात घाला. ओला पाला घालू नका.
5. तूरडाळीला एरंडेलाचा हलका हात लावा. तिखटाच्या बरणीत हिंगाचे खडे ठेवा.
6. कोठीला हवाबंद झाकण हवं आणि ती जमिनीपासून उंच, भिंतीपासून सुटी ठेवलेली हवी.

आता एक गोष्ट फार गांभीर्याने. धान्यात ठेवायच्या म्हणून काही ठिकाणी अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या हातोहात मिळतात. सेल्फॉस, सल्फास अशा नावांनी लोक त्या ओळखतात. हवेतल्या दमटपणाने त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. बंद घरात झोपलेल्या माणसांचा त्याने जीव गेल्याच्या घटना घडल्या आहेत आणि या विषावर उतारा नाही. या गोळ्या प्रशिक्षित कीडनियंत्रकांनी गोदामात वापरायच्या आहेत. कुणी कितीही खात्री दिली तरी त्या घरात आणू नका. आधीच आणल्या असतील तर पुडी उघडू नका, पाणी लावू नका, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि विल्हेवाटीसाठी कृषी कार्यालयाला विचारा. पाऱ्याच्या टिकड्या आणि बोरिक पावडरही टाळा. धान्य धुऊन घेतो म्हणून चालतं, हा युक्तिवाद रोजच्या खाण्याच्या बाबतीत पुरेसा नाही.

स्वयंपाकघरात वाया जातं ते

मराठी घराला इथे फार शिकवायची गरज नाही. उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा, फोडणीचा भात, दोडक्याच्या शिरांची चटणी, कोवळ्या मटाराच्या सालांची भाजी, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात, साय साठवून घरचं तूप. अडचण वेगळ्याच ठिकाणी आहे: फ्रिजमध्ये मागे गेलेला डबा दिसत नाही. वरचा एक कप्पा 'आधी संपवायचं' म्हणून राखून ठेवा आणि बाजारात जाण्यापूर्वी तो पाहा.

दुधाची पिशवी घेतानाही थोडा विचार करा. फुल क्रीम दुधात किमान ६ टक्के स्निग्धांश असतो, टोन्डमध्ये ३ टक्के. साय धरून तूप करणाऱ्या घराला फुल क्रीम परवडतं. साय काढून टाकणाऱ्या किंवा फक्त चहाला दूध लागणाऱ्या घराने त्याचे जास्त पैसे कशाला मोजावेत?

पाकिटावर 'बेस्ट बिफोर' असेल तर ती चव आणि प्रत टिकण्याची तारीख आहे. नीट ठेवलेला कोरडा पदार्थ दुसऱ्याच दिवशी फेकायची गरज नसते, वास आणि रंग पाहून ठरवा. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' लिहिलं असेल तर मात्र ती तारीख पाळा.

तळणीच्या तेलाबाबत काटकसर नको. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात घातक घटक तयार होतात. म्हणूनच तेलातल्या अशा घटकांचं प्रमाण २५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, असा नियम खाद्यविक्रेत्यांसाठी २०१८ पासून आहे. घरी एकदा तळलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजीच्या फोडणीत संपवा. त्यात पुन्हा तळू नका आणि ते नव्या तेलात मिसळू नका. मुळात तळणीला कढई लहान घ्या, म्हणजे तेल उरतच नाही.

औषधं

रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या रोज घेणारं कुणी घरात असेल, तर किराण्याइतकीच बचत इथे होऊ शकते. जनऔषधी केंद्रांत तीच औषधं मूळ नावाने मिळतात आणि ब्रँडच्या तुलनेत बहुतेक वेळा निम्म्याहून कमी किमतीत. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव ठळक अक्षरांत लिहून द्यायला सांगा. ही विनंती करण्यात गैर काही नाही. थायरॉइड किंवा फिट्‌सच्या औषधांचा ब्रँड मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नका. नवी गोळी सुरू करताना पाच-सात दिवसांचीच घ्या, मानवली की मग महिन्याची. दुकानदाराने पट्टी कापून दिली तर मुदतीची तारीख आणि बॅच नंबर असलेला तुकडा तुमच्याकडे राहील, हे पाहा.

फोन आणि वर्गण्या

गावाकडे आई-वडिलांच्या साध्या फोनमध्ये रोज दोन जीबी डेटाचं रिचार्ज मारलं जातं आणि त्यातलं काहीच वापरलं जात नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन ठेवणं कंपन्यांना बंधनकारक केलं आहे. ते अ‍ॅपच्या पहिल्या पानावर सहसा नसतात, शोधावे लागतात किंवा दुकानदाराला नावाने मागावे लागतात.

वर्गण्यांसाठी एका रविवारी यूपीआय अ‍ॅपमधली 'ऑटोपे'ची यादी उघडा. आपोआप पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना देणं रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आवश्यक आहे. तो संदेश वाचायची सवय लावा, रद्द करायची सोय त्यातच असते. 'पहिला महिना फुकट' घेतलात तर त्याच क्षणी रद्दही करा, बहुतेक सेवा मुदत संपेपर्यंत चालू राहतात.

वाचलेले पैसे कुठे ठेवाल?

खात्यात तसेच ठेवले तर ते पुढच्या आठवड्यात खर्च होतात. वीज आणि गॅसमधून सरासरी जे वाचतं, त्या रकमेचं आवर्ती खातं उघडा. पोस्टात महिना १०० रुपयांपासून सुरू होतं, मुदत पाच वर्षं.

इथे तीन ठिकाणी सावध राहा:

- पतसंस्था: बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्या ठेवींनाही, प्रत्येक ठेवीदारामागे ५ लाख रुपयांपर्यंत विमा संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना ते नाही. अर्धा-एक टक्का जास्त व्याजासाठी सगळी पुंजी तिथे ठेवू नका.
- सराफांची मासिक योजना: तुम्ही भरता ते दागिन्यासाठीचे आगाऊ पैसे असतात, बँकेची ठेव नव्हे. दुकान अडचणीत आलं तर विम्याचं संरक्षण नाही. मजुरीवर किती सूट आणि कोणत्या दिवसाचा भाव, हे कार्डावर लिहून घ्या.
- भिशी: रोजच्या भेटीतल्या दहा-बारा जणींची छोटी भिशी शिस्त लावते. रक्कम मोठी आणि माणसं अनोळखी झाली की ती सोडा. वहीतल्या सह्यांवर पैसे परत मिळवणं फार कठीण जातं.

जिथे हात आखडू नये

शेगडीची रबरी नळी पाच वर्षांनी बदलावीच लागते. तिच्यावर तारीख छापलेली असते, आजच वाकून पाहा. वायरिंग, प्लग आणि प्रेशर कुकरची शिट्टी-रबर आयएसआय चिन्हाचीच घ्या. आरोग्य विम्याचा हप्ता चुकवू नका. आणि घरकामाला येणाऱ्या बाईंचा पगार किंवा सुट्टी कापून घरखर्च जुळवू नका. ते पैसे त्यांच्या घरच्या किराण्यातून जातात.

तक्रार करायची वेळ आली तर

बिल मागून घ्या आणि फोटो काढून ठेवा, पावतीशिवाय पुढचं सगळं अवघड होतं. छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेतले, वजन कमी भरलं किंवा पाकिटावरचा मजकूर अपुरा असेल तर राज्याच्या वैधमापन कार्यालयाकडे लिहा. कोणत्याही वस्तू-सेवेबद्दल आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा, मराठीत बोलता येतं आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. मिटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर अर्जाला शुल्क नाही आणि वकील न लावता तुम्ही स्वतः बाजू मांडू शकता. अर्जासोबत बिल, वस्तूचा आणि छापील किमतीचा फोटो आणि दुकानदाराला आधी पाठवलेल्या लेखी तक्रारीची प्रत जोडा.